निम्मी भरलेली बॅटरी

बॅटरीसोबत येणारं माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर मला पाहून घ्या. मी रेकॉर्ड विभागात कारकून आहे. छापील कागद हाती आला की खालच्या सहीपर्यंत वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. (या पत्रकावर सहीच नव्हती, म्हणून दोनदा वाचलं.)

ऑफिसात हाती आलेल्या या पत्रकात म्हटलं होतं, चार्ज होणारी बॅटरी ठेवून द्यायची तर पूर्ण भरून ठेवू नये, पूर्ण रिकामीही ठेवू नये. निम्मी भरावी आणि थंड, कोरड्या जागी ठेवावी. म्हणजे ती जास्त वर्षं टिकते. पण निम्मीच का? मला राहवेना.

घरात शोधल्यावर अशी एकच बॅटरी सापडली, बायकोच्या माइकमधली. बायको नर्स. एकतीस वर्षांची नोकरी संपवून शनिवारी तिचा निरोप समारंभ होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती तीनशे माणसांसमोर बोलणार होती. हॉलचा माइक कायम बिघडलेला, म्हणून तिनं मैत्रिणीचा जुना माइक आणला होता. तो पूर्ण भरला की जेमतेम वीस मिनिटं चालायचा. भाषण अठरा मिनिटांचं. (हे मला नंतर कळलं. मला सगळं नंतरच कळतं.) आठवडाभर ती आरशासमोर घड्याळ लावून बोलायची आणि मी खोलीत शिरलो की गप्प व्हायची.

शुक्रवारी संध्याकाळी माइकवर चारही हिरवे दिवे दिसले. काठोकाठ भरलेली बॅटरी! मी माइक चालू करून समोर बसलो. एक दिवा गेला. दुसरा गेला. लगेच बॅटरी काढून डबीत ठेवली आणि वर चिठ्ठी लावली, ‘निम्मी’. खाली तारीख.

शनिवारी रिक्षा दारात उभी.

"अहो, माइकमधली बॅटरी कुठं गेली?"

"माझ्याकडे आहे. जशी असायला हवी, अगदी तशी ठेवलीय," असं म्हणत मी ती माइकमध्ये बसवून दिली.

"बाई गं, कधी नव्हे ती काळजी घेतलीत," ती म्हणाली. मला फार बरं वाटलं.

लोक कसे ऐकतात ते बघायला मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसलो. तिनं सुरुवातच माझ्यापासून केली. "एकदा हे मला डबा द्यायला दवाखान्यात आले, चुकून पेशंटच्या रांगेत बसले आणि इंजेक्शन घेऊन घरी गेले." हॉल हसून लोळला. असे आणखी चार किस्से झाले. मग तिचा आवाज हळवा झाला. "पण आज एक गोष्ट सांगायलाच हवी. या माणसानं..."

माइक बंद पडला. ओठ हलत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. मागचे लोक अजून इंजेक्शनवरच हसत होते. तिनं माइककडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नमस्कार करून खाली उतरली. तिचा चेहरा पडला होता.

घरी आल्यावर मी सगळं कबूल केलं. माफी मागितली. आणि तरीही (स्वभावाला औषध नाही) विचारलंच, "ते पुढचं काय होतं गं?"

तिनं चष्मा लावला, कागद उलगडला. "या माणसानं एकतीस वर्षांत मला न विचारता माझ्या एकाही वस्तूला हात लावला नाही."

मग ती ओळ खोडायला तिनं पेन मागितलं.

मी खिशातून काढून दिलं. ते तिचंच होतं.