पन्नास पैशांची दाढी

"एका दाढीले पन्नास पैसे," पोळीचा तुकडा हातात धरून प्रेमानंद मेश्राम म्हणाले. "फक्त पन्नास पैसे. आता बोल."

कांताबाई मिक्सरच्या भांड्याचं झाकण तळहाताने दाबून धरून चटणी वाटत होत्या, कारण हात काढला की झाकण उडायचं. नवा मिक्सर घेऊ, असं त्या दिवाळीपासून म्हणत होत्या. मेश्रामांचं उत्तर ठरलेलं होतं : हात आहेत तोवर झाकणाचं काय अडलं?

"त्या कार्टरिजचं चारचं पाकीट आठशेले झालं," मेश्राम पुढे म्हणाले. "एक कार्टरिज पंधरा दिवस चालते. म्हणजे रोज तेरा रुपये नालीत. अन् जुन्या टाइमचं सेफ्टी रेझर घेतलं, तर पातं अडीच रुपयाचं. एका पात्यात पाच दाढ्या."

"मंग घ्या ना," कांताबाई मिक्सर बंद करून म्हणाल्या. "मले कावून सांगून राहिले?"

मेश्राम पोलादाच्या प्लांटमध्ये सीनियर ऑपरेटर होते आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. हुडको वसाहतीतल्या त्यांच्या गल्लीत त्यांची काटकसर सर्वांना ठाऊक होती. टूथपेस्टची ट्यूब संपली की ते ती कात्रीने उभी कापत आणि आणखी चार दिवस काढत. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर त्यांच्या घरची किराण्याची यादी लिहिली जाई. लोक हसत, पण वर्गणी गोळा करायची वेळ आली की ती मेश्रामांच्याच हाती देत.

रेझर आला. साडेअठराशेचा होता, पण तो काही मोजायचा नव्हता. एकदा घेतला की जन्मभर चालणारी वस्तू ती. आता एवढा चांगला रेझर घेऊन ट्यूबमधली क्रीम बोटाने फासायची, तर मग रेझर वाया गेला. म्हणून ब्रश आला. ब्रशने फेस करायचा तर खरा साबण हवा. साबण आला, पण बोअरच्या खारट पाण्यात त्याचा फेसच होईना. मग मेश्राम सकाळी गुपचूप स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी मगभर नेऊ लागले. दरम्यान मोबाइलवरच्या एका व्हिडिओत एका गृहस्थाने सांगितलं, की प्रत्येक कातडीला वेगळं पातं मानवतं. तेव्हा वीस कंपन्यांची पाती मागवून तपासणं भाग पडलं. त्यातली धारदार पाती पहिल्या रेझरला शोभेनात, म्हणून दुसरा, पात्याची फट कमी-जास्त करता येणारा रेझर आला. प्रत्येक नवा खर्च हा मागचा खर्च वाया जाऊ नये म्हणूनच होत होता. मेश्राम त्याला काटकसरच समजत होते.

तरीही घरात पार्सल येताना दिसणं बरं नव्हे. त्यांनी शेजारच्या दुर्ग शहरात पद्मनाभपुरात राहणाऱ्या एका जुन्या मित्राचा पत्ता दिला आणि दर आठवड्याला स्कूटर काढून ते तिकडे जाऊ लागले. पेट्रोल त्यांनी हिशेबात धरलं नाही, कारण मित्राला भेटायला तर माणूस जाणारच. डबे-खोके कपाटावरच्या रजयांच्या मागे राहू लागले.

एकदा फक्त पंचाईत झाली. मेश्राम दाढी करून बाहेर आले आणि कांताबाईंनी हवेत नाक वर केलं.

"चंदनाचा वास येऊन राहिला. कोनाच्या लग्नाले चालले?"

"वास? बाजूच्या घरून येत असन."

त्या दिवशीच मेश्रामांनी बिनवासाचा साबण शोधला. तो पांढऱ्याशुभ्र वडीच्या रूपात मिळत होता, आणि त्याला खरोखर कशाचाच वास नव्हता.

त्याच सुमाराला विहाराच्या सभागृहाचं बांधकाम निघालं. जुने कोषाध्यक्ष मुलाकडे नागपूरला राहायला गेले होते. नवा कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा पहिलंच नाव मेश्रामांचं आलं. रविवारी सकाळी दहा वाजता समितीचे तिघे घरी येऊन रीतसर विचारणार, असा निरोप आला. मेश्रामांना मनातून फार बरं वाटलं. इतकी वर्षं लोक हसले, त्याचं हे फळ होतं.

रविवारी त्यांनी लवकर उठून नव्या साबणाची वडी बाहेर काढली. लाकडी वाटीत ती मावत नव्हती. व्हिडिओतल्या गृहस्थाचा सल्ला असा, की साबण किसावा आणि वाटीत दाबून भरावा. कांताबाई अंघोळीला गेलेल्या आणि मुलगी दीक्षा कानात इयरफोन घालून खाटेवर पडलेली, हे पाहून मेश्राम स्वयंपाकघरात शिरले. किसणी घेऊन त्यांनी वडी स्टीलच्या वाटीत किसली. कीस असा मऊ आणि मोकळा पडला, की त्यांचं मन प्रसन्न झालं. एवढ्यात दाराची बेल वाजली. मंडळी अर्धा तास आधीच आली होती. मेश्रामांनी वाटीवर ताटली ठेवली, किसणी धुऊन जागेवर लावली आणि ते घाईने बाहेर गेले.

"जय भीम, जय भीम! या, या!"

अध्यक्ष भय्याजी रामटेके पुढे होते. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती आणि नवी कवळी बसवून चार दिवस. त्यांच्यामागे शाळेत शिकवणाऱ्या रीनाताई, आणि शेवटी सचिव राजदीप. राजदीप जेमतेम तिशीचा होता आणि त्याची दाढी छातीपर्यंत होती.

आत कांताबाई लगबगीने पोह्यांना लागल्या. एरवी त्या घरात पोह्यांवर झणझणीत तर्री असे. पण भय्याजींना पित्ताचा त्रास, म्हणून तर्री रद्द. साधे पोहे, वर कोथिंबीर आणि ओलं खोबरं. खोबरं किसून ठेव, असं त्यांनी अंघोळीला जाताना दीक्षाला सांगितलं होतं. ओट्यावर ताटलीखाली कीस तयार पाहून त्यांना नवलच वाटलं.

"आज पोरगी एका आवाजात आयकली," त्या स्वतःशी म्हणाल्या आणि त्यांनी तीन बशांवर सढळ हाताने कीस पेरला. मेश्राम पाहुण्यांसमोर कधी खात नसत.

बाहेर भय्याजींनी प्रस्तावना सुरू केली होती. "प्रेमानंद, समाजाचा पैसा आहे. लोकाइनं पोटाले चिमटा घेऊन देला. तो सांभाळाले मानूस कसा पायजे?"

"कसा?" मेश्रामांनी नम्रपणे विचारलं.

"ज्याचा हात सैल नाई, असा!"

एवढं बोलून त्यांनी पोह्यांचा मोठा घास घेतला. चावला. थांबले. पुन्हा चावला. त्यांना वाटलं, ही कवळीची भानगड आहे. दातांच्या डॉक्टरने सांगितलंच होतं की काही दिवस चव वेगळी लागेल. परक्या घरी तोंड वाकडं करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी गिळलं आणि दुसरा घास घेतला.

रीनाताईंना वाटलं, तेल नवीन असेल. त्यांनी लिंबू पिळलं. राजदीपने कशाचाही विचार न करता अर्धी बशी संपवली आणि मग चमचा खाली ठेवला.

"पोहे कसे झाले, भाऊ?" कांताबाईंनी पाण्याचे पेले ठेवत विचारलं.

"मस्त," भय्याजी म्हणाले. "थोडे… गुळगुळीत झाले. पण मस्त."

ते पाणी प्यायले, आणि ती चूक झाली. "तर समितीनं एकमतानं ठरवलं," ते म्हणाले, आणि 'ठरवलं' या शब्दाबरोबर त्यांच्या ओठांवर एक फुगा आला. लहानसा, गोल. तो क्षणभर थांबला आणि फुटला. सगळ्यांनी तो पाहिला, पण अध्यक्षांच्या फुग्याबद्दल बोलणार कोण?

मेश्रामांनी मात्र फुग्याकडे पाहिलं, मग बशीकडे, मग बशीतल्या पांढऱ्या किसाकडे. ते उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर वाटी होती. रिकामी.

तिथे उभं राहून त्यांनी झटपट विचार केला. बोललो नाही, तर मंडळी चहा पिऊन जातील, कवळीला दोष देतील आणि पद मिळेल. बोललो, तर रजयांच्या मागचं सगळं बाहेर येईल. खरं तर या विचाराला त्यांना दोन सेकंदही लागले नाहीत. पण ते दोन सेकंद त्यांना पुढे बरेच दिवस टोचत राहिले. ते धावत बाहेर आले आणि त्यांनी भय्याजींच्या हातातली बशी हिसकावली.

"खाऊ नोका! साबन हाय!"

"काय?"

"खोबरं नाई ते. दाढीचा साबन. मी किसला होता."

"साबन किसला?" कांताबाई म्हणाल्या. "कावून किसला?"

"वाटीत भराले."

"वाटीत कावून भराचा?"

तेवढ्यात रीनाताई उठल्या. त्या विज्ञान शिकवत, आणि त्यांचा आवाज वर्गातला झाला. "आधी हे पाहा, साबनात काय-काय आहे. खोकं आना. कोनता साबन?"

खोकं मेश्रामांनी कालच फेकलं होतं. गोंधळ ऐकून दीक्षा इयरफोन काढून बाहेर आली आणि तिने आपल्या नेहमीच्या शाळेतल्या हिंदीत मार्ग सुचवला. "पापा, ऑनलाइन मंगाया ना? मोबाइल दो. ऑर्डर में सब लिखा रहता है."

"मी पाह्यतो," मेश्राम म्हणाले, पण मोबाइल तिच्या हातात गेलेला होता.

"शेविंग सोप… हां. चंदन वाला, साडेसातशे. ये है क्या?"

"नाई."

"लिंबू वाला? सहाशे. लॅव्हेंडर, नऊशे. पापा, कितने साबुन हैं?"

"सहा," मेश्राम जमिनीकडे पाहत म्हणाले.

"और ये रेझर… साडेअठराशे. ये दूसरा रेझर, बेचाळीसशे. ब्रश सव्वीसशे. और एक ब्रश, नऊशे. वीस टाइप के ब्लेड, साडेनऊशे. लकडी की कटोरी साडेसातशे, स्टैंड अकराशे, दाढीनंतर लावायचं पानी चौदाशे… हां, मिला! बिना खुशबू वाला. खोबऱ्याचं तेल, मीठ, ग्लिसरीन…"

रीनाताईंनी मोबाइल घेऊन नीट वाचलं आणि सुस्कारा सोडला. "काही होत नाई. भरपूर पानी प्या. पोट साफ होईन, बस."

"खोबऱ्याचं तेल तर हाय त्याच्यात," राजदीप म्हणाला. "काकूचं पूर्न चुकलं नाई." त्याच्या दाढीत फेसाची एक बारीक ओळ अडकली होती.

कोणी हसलं नाही, कारण सगळे कांताबाईंकडे पाहत होते. त्या हातात पाण्याचा जग घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ किंचित हलत होते.

"सहा साबन मिळून किती, वं?" त्यांनी दीक्षाला विचारलं.

"चार हजार एकशे."

"म्हणजे सतरा हजार आठशे पन्नास," कांताबाई शांतपणे म्हणाल्या. "सात महिने झाले. दोनशे दहा दाढ्या. एका दाढीले पंच्याऐंशी रुपये पडले." त्यांनी भय्याजींचा पेला भरला. "सलूनात पन्नासात करते. वरून डोक्याची मालिश करते. अन् फिल्टरचं पानी मी यात धरलंच नाई. मले वाटे, फिल्टर गळून राहिलं."

राजदीपने मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढून भागाकार केला आणि पडदा भय्याजींना दाखवला. बरोब्बर पंच्याऐंशी. खाली काही उरलंही नाही.

मेश्रामांनी हात जोडले. "भय्याजी, मी या पदाच्या लायकीचा नाई. तुमी दुसरा मानूस पाहा."

भय्याजी बराच वेळ तोंडातल्या तोंडात पाणी खळबळवत राहिले. मग ते अंगणात जाऊन चूळ भरून आले, रुमालाने ओठ पुसले आणि नीट बसले.

"प्रेमानंद, तू सांगतलं नसतं तर मी पूर्न बशी खाल्ली असती. हे मी ध्यानात ठेवन. पन समितीचं ठरलं होतं, का कोषाध्यक्ष याच घरचा घ्याचा. तो निर्नय मी बदलवत नाई." ते वळले. "कांताबाई, तुमी किती शिकल्या?"

"बी.कॉम. दुसऱ्या वर्षापर्यंत. मंग लग्न झालं."

"बस झालं. सिमेंटवाला आमाले महिन्याभरापासून फिरवून राहिला. त्याचं बिल तुमी पाहान का?"

कांताबाईंनी जग खाली ठेवला. पदराला हात पुसले. नवऱ्याकडे एकदा पाहिलं. मेश्राम मान खाली घालून उरलेल्या पोह्यांच्या बशा गोळा करत होते.

"पाहीन," त्या म्हणाल्या. "पन दर रविवारी दहाले म्हटलं का दहालेच याचं. साडेनऊले नाई."

रीनाताईंनी टाळ्या वाजवल्या. भय्याजींनीही वाजवल्या. मेश्राम बशा घेऊन उभे होते, त्यामुळे त्यांना वाजवता आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेश्राम न्हाणीघरात शिरले तर कांताबाई दारात स्टूल टाकून बसलेल्या.

"करा," त्या म्हणाल्या. "मले पाहाची आहे."

मेश्रामांनी निमूटपणे ब्रश भिजवला. वाटीत फेस केला, अगदी मलईसारखा. गालावर गोल-गोल फिरवून लावला. मग रेझर धरून, श्वास रोखून, एकेक पट्टा ओढत गेले. तुरटी फिरवली. वर चौदाशेचं पाणी लावलं. सगळ्याला पंचवीस मिनिटं लागली. कांताबाई टक लावून पाहत होत्या. एकदा तर त्यांनी दुधाच्या उकळीकडेही लक्ष दिलं नाही.

मेश्राम वळले, तशा त्या उठल्या. त्यांनी डाव्या गालावरून बोटं फिरवली, मग उजव्या. हनुवटीखाली थोडं थांबून, बाजारात दुधीभोपळा पाहावा तसं दाबून पाहिलं.

"एका दाढीले साठ," त्या म्हणाल्या. "याच्यावर एक रुपया नाई."