पुढच्या बाजूला विंच आहे

चौतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. दरवाजा ढकलायचा की ओढायचा हे ज्यांना कळत नव्हतं, अशांच्या डोक्यात मी तरफ उतरवली आहे. तेव्हा एका साहेबांना एक गाडी समजावून सांगणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

गाडी जावयाच्या शोरूममधली. हँडल मोटरसायकलचं, बैठक घोड्यावरची, चार गुबगुबीत टायर आणि पुढे विंच, म्हणजे रुतलेली गाडी तारेने ओढून काढणारा यांत्रिक रहाट. चिखल, दगड, चढ, कुठेही जाणारी. एका मोठ्या उद्यानाचे साहेब अशा सहा गाड्या घेणार होते. ऑर्डर मिळाली नाही तर शोरूम बंद, जावयाची बदली आणि मुलगी-नात माझ्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर. आणि नेमका जावयाचा घसा बसलेला. डॉक्टरांनी चार दिवस एक अक्षरही बोलायचं नाही असं बजावलं होतं.

"मी आहे ना," मी म्हणालो.

जावयाने कागदावर लिहून दिलं, 'बाबा, थोडक्यात.'

शोरूममागच्या मैदानात मी साहेबांचा हात धरला. मधे मी, आत नात, बाहेरच्या टोकाला साहेब. अशी साखळी करून आम्ही गोल वळलो. तीन वेळा.

"काय कळलं?" मी विचारलं.

"दम लागला," साहेब म्हणाले.

"शाबास. वळताना बाहेरच्या चाकालाही असंच जास्त धावावं लागतं. त्याला धावू देतं ते डिफरन्शिअल. आणि चिखलात एकच चाक नुसतं गरगरत राहिलं, तर सगळ्यांना एकत्र बांधून टाकतं ते डिफ-लॉक."

"मग बांधलेलीच बरी," म्हणत साहेबांनी लॉकचं बटण दाबलं, हेल्मेट चढवलं आणि निघाले.

लॉक लावून वळायला गेलं की हँडल अडून बसतं, हे मला सांगता आलं असतं. पण मी विद्यार्थ्याला मधेच टोकत नाही. चूक त्याची त्याला कळू द्यावी.

साहेबांना ती वळणावर कळली. ते वळले, गाडी वळली नाही. सरळ चिखलाच्या खड्ड्यात गेली आणि पोट टेकून बसली. साहेबांनी अंगठ्याने थ्रॉटल दाबला तसा चारही चाकांनी चिखल उडवला.

"घाबरू नका," मी काठावरून ओरडलो, "पुढच्या बाजूला विंच आहे!"

हेल्मेटमधून साहेबांच्या कानात काय शिरलं ते देव जाणे. त्यांनी दोन्ही पाय सीटवर घेतले.

"कुठे?"

"तुमच्या पायांच्या पुढेच, बंपरमध्ये. बटण दाबा, आपोआप बाहेर येईल."

"बाहेर कशाला? केवढा आहे?"

"चांगला दणकट आहे. अख्खी गाडी ओढेल."

साहेब सीटवर उभे राहिले.

"टोकाला आकडा दिसेल," मी शांतपणे शिकवत होतो, "तो धरून ओढा. हातमोजे आहेत ना?"

साहेबांनी उडी मारली. गुडघाभर चिखलातून, एक बूट तिथेच सोडून, ते माझ्या दिशेने आले. जावई धावत समोर गेला. तोंडातून आवाज नाही, म्हणून दोन्ही हात हलवतोय, गळ्याकडे बोट दाखवतोय.

"याला डसला वाटतं!" साहेब म्हणाले. "वाचा गेली बिचाऱ्याची." आणि त्यांनी जावयाला खाली बसवून स्वतःचा पट्टा त्याच्या दंडाला करकचून बांधला.

"साहेब," नात म्हणाली, "विंचू नाही, विंच. यंत्र आहे ते. शेवटी उकार नाही."

साहेबांनी हेल्मेट काढलं. बंपरकडे एकदा वाकून पाहिलं आणि जावयाच्या दंडावरचा पट्टा सोडला.

पट्टा सुटल्यावर जावई खड्ड्यात उतरला. विंचची तार ओढून आकडा पलीकडच्या झाडाच्या बुंध्याला अडकवला, डिफ-लॉक सोडलं, विंचचं बटण दाबलं. गाडी हळूहळू, एखाद्या म्हशीसारखी, वर आली. साहेब एका पायावर उभे राहून पाहत होते.

"यंत्र चोख आहे," ते म्हणाले. शोरूममध्ये येऊन त्यांनी कागद पुढे ओढले, पेन उघडलं आणि मधेच थांबले. माझ्याकडे पाहत त्यांनी जावयाला विचारलं, "सही करतो. फक्त एक सांगा, हे गृहस्थ गाडीबरोबर येतात का?"

घसा पूर्ण बसलेला असतानाही माणूस किती स्पष्ट 'नाही' म्हणू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.