सौ. खुशाल

१९६८ सालच्या डायरीने ‘माझ्यात दुरुस्ती करून मिळावी’ असा अर्ज केला, तेव्हा रोहिणी हेंद्रे यांची कादंबरी तीनशे दहाव्या पानावर होती.

अर्ज रीतसर होता. डायऱ्या करतात तसा, मागच्या ‘टिपणे’ या कोऱ्या पानावर, निळ्या-काळ्या शाईत आणि अण्णांच्याच वळणदार अक्षरात. अण्णा म्हणजे रोहिणीचे वडील. फलटणला पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते, त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. हयातभर त्यांनी दिवसाला दोन वाक्यं लिहिली. ‘कालवा ४ फूट २ इंच. सौ. खुशाल.’ पाणी चढलं-उतरलं की पहिलं वाक्य बदलायचं. दुसऱ्याला कधी हात लागला नाही.

रोहिणीची कादंबरी उभी होती ती या दुसऱ्या वाक्यावर. तिची आई वत्सलाबाई मिरजेच्या बहिणीला आठवड्याला एक, कधी दोन पत्रं लिहायची. मावशी गेल्यावर तिच्या मुलाने ६८ सालची चौसष्ट पत्रं रोहिणीला आणून दिली, आणि रोहिणीला घबाडच मिळालं. ११ जूनला डायरी ‘सौ. खुशाल’ म्हणत होती, आणि त्याच दिवशी आईला लोणंदच्या शाळेत नेमणूक झाल्याचा कागद आला होता. आईने तो नवऱ्याला न सांगता चहाच्या डब्याखाली सारला आणि नोकरीवर पाणी सोडलं. शेजारच्या पाटावर बसलेल्या माणसाला बायकोच्या जिवाची घालमेल कळू नये, या एका गोष्टीवर रोहिणीने नऊ वर्षं काढली होती. पुण्याचे प्रकाशक गोरे ती छापायला तयारही होते. रोहिणीचं वय एकसष्ट. ही कादंबरी झाली नाही तर दुसरी होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चूक एकच झाली. हाताशी असावीत म्हणून तिने डायरी आणि पत्रं एकाच ट्रंकेत ठेवली. शेजारी ठेवलेले कागद एकमेकांना वाचतात, हे वाचनालयात चौतीस वर्षं काढलेल्या बाईला कोणी सांगायला नको होतं.

सुनावणी मंगळवारी, जुन्या नोंदी दुरुस्ती कार्यालयात झाली. पत्रांना नोटीस गेलीच होती. त्यांनी आपल्यातलं तेरा जूनचं अंतर्देशीय पत्र पुढे केलं होतं, कारण कार्डांना बोलायला जागा कमी पडते. अधिकारी मुळीकबाईंनी चष्मा पुसला.

“नोंद अकरा जून. मूळ मजकूर, सौ. खुशाल. दुरुस्त मजकूर काय?”

डायरी खाकरली. ते खाकरणं ऐकून रोहिणी नकळत ताठ बसली.

“सौ. गप्प. चहाच्या डब्याखालचा कागद पाहिला. विचारलं नाही.”

“हरकत आहे,” रोहिणी उभी राहिली. “अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं. माझ्याकडे तशी तीनशे दहा पानं आहेत.”

“पानं कोणी लिहिली?”

“मी.”

“मग ती तुमच्याकडेच राहू द्या,” मुळीकबाई म्हणाल्या. “वारस म्हणून तुमची सही लागतेच. पण कादंबरी अडते हे हरकतीचं कारण होत नाही. कारणांची यादी भिंतीवर आहे.”

रोहिणीने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. कागद भिजलेला असणे चालत होतं. कसर लागलेली चालत होती. कादंबरी खरंच नव्हती.

“अर्जदारांनी मुळात खोटं का लिहिलं?” मुळीकबाईंनी विचारलं.

“समोरच्या चौसष्टच्या चौसष्ट पत्रांत पहिल्या ओळीला ‘येथील सर्व क्षेम’ आहे,” डायरी म्हणाली. “ते कृपया बघावं.”

“ती रीत असते,” अंतर्देशीय पत्र म्हणालं. “रीतीच्या खाली वाचायचं असतं.” मग जरा थांबून, “म्हणजे तुम्ही कागद पाहिला होतात?”

“पाहिला होता.”

“आणि?”

“तू सांगशील म्हणून थांबलो.”

“मी तुम्ही विचाराल म्हणून थांबले.”

“विचारलं असतं तर तू गेली असतीस.”

“गेले असते की. शनिवारी दुपारच्या एसटीने परत आले असते.”

मुळीकबाईंनी कागद खालीवर करणं थांबवलं.

“शनिवारचं माझ्या डोक्यात आलं नाही,” डायरी म्हणाली.

रोहिणीला रडू आलं. आईच्या दुःखावर नऊ वर्षं लिहिताना तिला एकदाही आलं नव्हतं, याची तिला तिथल्या तिथे लाज वाटली. तिने डोळे पुसले, पेन मागितलं आणि ना-हरकतीवर सही केली. सही करताना आपली कादंबरी बुडाली हे तिला स्वच्छ कळत होतं.

“शनिवारचं टिपणात घ्यायचं का?” मुळीकबाईंनी विचारलं.

“घ्या,” पत्र म्हणालं.

रोहिणीला वाटलं, मिटलं. पण नियम एका नोंदीला एक अर्ज असा आहे, आणि कार्यालय दुरुस्त्या मंगळवारीच घेतं. डायरी सरकारी नोकराची होती, तिने अर्धवट काही सोडलं नाही. ‘सौ. खुशाल’ त्या वर्षात तीनशे सहासष्ट वेळा आलं होतं. डायरीने एक जानेवारीपासून ओळीने अर्ज लावले.

तेव्हापासून दर मंगळवारी रोहिणी ट्रंक रिक्षात घालून कार्यालयात जाऊ लागली. मांडीवर हस्तलिखित असायचं. जसजशी नोंद दुरुस्त होई, तसतसं तिकडे एखादं प्रकरण ढासळे. कधी अण्णा खोटे पडत, कधी आई, आणि बहुतेक वेळा रोहिणी. गोऱ्यांचा फोन आला.

“बाई, कादंबरी कुठवर आली?”

“फेब्रुवारीपर्यंत.”

“या वर्षीच्या?”

“अडुसष्टच्या.”

“अहो, पण वडिलांना सगळं माहीत होतं म्हटल्यावर भांडण कुठे राहिलं?”

“तेच तर आता सुरू झालंय,” रोहिणी म्हणाली. गोऱ्यांनी पुन्हा फोन केला नाही.

चाळिसाव्या मंगळवारी नऊ फेब्रुवारीची नोंद निघाली. डायरीने सांगितलं, “सदर दिवशी मी फिरतीवर होतो, तीन दिवस. घरी काय चाललंय ते न बघताच ‘सौ. खुशाल’ लिहिलं. सबब नोंद रद्द व्हावी.”

पत्रांकडून त्याच आठवड्यातलं एक पोस्टकार्ड उभं राहिलं. कार्ड असल्याने ते तोडकंच बोललं.

“विरोध आहे. त्या दिवशी मी खुशाल होते.”

“मी घरी नसताना?”

“घरी नसताना.”

डायरीने आपलं पान पुन्हा एकदा पाहिलं. “मग माझं लिहिणं बरोबर कसं?”

“अंदाज बरोबर निघाला.”

मुळीकबाईंनी ‘नोंद कायम’ असा शिक्का मारला आणि रोहिणीकडे पाहिलं. “वारसांची हरकत?”

रोहिणीने मांडीवरचं हस्तलिखित उघडलं. नऊ फेब्रुवारीला तिने आईला खिडकीत बसवलं होतं. नवरा दूर, ताट तसंच, डोळ्यांना धार. तिच्या आजवरच्या लिखाणातली ती सगळ्यात चांगली अकरा पानं होती.

“हरकत नाही,” ती म्हणाली. “पट्टी मिळेल का? रेघा मारायच्यात.”

मुळीकबाईंनी पट्टी पुढे सरकवली आणि पुढच्या मंगळवारची तारीख घातली.