अंधाऱ्या खोलीतला भोपळा

साहेब, त्या पेशींचं वाटोळं तुमच्या परिपत्रकाने केलं. ‘प्रयोगशाळेत येर्बा पिण्यास मनाई’ याखाली सही तुमची, आणि फासावर चढवायला निघाले बिचाऱ्या यीस्टला.

मोन्तेविदेओच्या त्या प्रयोगशाळेत निबियाबाईंनी एकतीस वर्षं एकच यीस्ट पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. जुने प्रमुख ओरिबे सर गेले, त्यांचं यीस्ट मागे राहिलं. मोठं गुणी. अतिनील दिव्याखाली धरलं, डीएनएला इजा झाली, की पेशी जागच्या जागी थांबायच्या. आधी डागडुजी, मग एकीच्या दोन.

सरांच्या काळी सगळं अंधाऱ्या खोलीतच चालायचं. मिणमिणत्या पिवळ्या दिव्याखाली यीस्टच्या बश्या ठेवायच्या आणि अर्धा तास येर्बाचा, म्हणजे त्या कडू पाल्याच्या चहाचा, पोकळ भोपळा हातोहात फिरायचा. नळी एक, तोंडं पाच. “त्या थांबल्यात, आपणही थांबू,” असं म्हणून सर तोच जुना विनोद सांगायचे, आणि सगळे नव्याने हसायचे.

मनाई आली, भोपळा बाहेर पडला. तो बसला बोळातल्या खिडकीत. खिडकी उत्तरेची, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात दिवसभर ऊन. प्रबंध लिहिणारी हिमेना बश्या घेऊन तिथूनच जायची. समोर आलेला भोपळा नाकारायचा नसतो, आणि ‘आभार’, म्हणजे ‘आता पुरे’, म्हणेपर्यंत तो फिरून फिरून येतोच.

महिन्याभरात यीस्ट बिघडलं. पेशी थांबायचं नाव घेईनात. विभागप्रमुख वाल्देमार सरांनी आधी दिव्याला शिव्या दिल्या, दिवा बदलला; मग पाण्याला दिल्या, पाणी बदललं. शेवटी म्हणाले, यीस्ट म्हातारं झालंय, सोमवारी उकळून फेकून द्या.

निबियाबाईंनी त्या दिवसापासून भोपळ्याला हात लावला नाही. शुक्रवारी अतिनील दिव्याखालून काढलेल्या बश्या घेऊन त्या खिडकीकडे गेल्याच नाहीत, अंधारातच बसून राहिल्या. नंतर सूक्ष्मदर्शकात पाहिलं, तर पेशी शहाण्यासारख्या थांबलेल्या. हिमेनाच्या बशीतल्या मात्र सुसाट.

“पोरी, तू बशी ठेवतेस कुठं?”

“खिडकीत. नळी धरायला हात नको का, बाई?”

निबियाबाईंनी कपाळावर हात मारला. “अगं, उजेड मिळाला की हे यीस्ट उजेडाच्याच जोरावर जखम बुजवतं. मग थांबेल कशाला? बिघडलं नाही ते. तुझ्याबरोबर ऊन खात बसलंय.”

वाल्देमार सरांनी दोन्ही बश्या पाहिल्या, चष्मा पुसला, परत पाहिल्या. यीस्ट वाचलं.

मग तुमचं दुसरं परिपत्रक आलं. बोळात बशी नेण्यास मनाई. बशीपाशी अंधारात अर्धा तास एक जबाबदार व्यक्ती बसेल. जबाबदार म्हणजे कोण, ते विचारायची गरज कुणालाच पडली नाही.

आता पेशी वेळच्या वेळी थांबतात. बाहेर खिडकीत हशा पिकतो. हिमेनाने भरलेला भोपळा तिसऱ्याकडून चौथ्या जागेपाशी येतो आणि अडतो. तिथला घोट निबियाबाईंचा, आणि त्या आत अंधारात बशीपाशी. तो कोणी प्यायचा, साहेब? लेखी कळवा.