वरून नको, धरून प्या

साळवे सर भेटले की नमस्कार करत नसत. ते तुमच्या शर्टाची बाही चिमटीत धरत, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दोनदा घासत आणि विचारत, "कशाचं आहे?" उत्तराची वाट बघायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "टेरिकॉट. सूत नुसतं नावाला. उन्हाळ्यात वाट लागणार तुझी," असं स्वतःच सांगून मोकळे होत आणि मगच माणसाच्या तोंडाकडे बघत.

मुलुंडच्या आमच्या कॉलेजात ते इतिहास शिकवायचे, मी मराठी. मी रुजू झालो तेव्हा गिरण्यांचा संप चालू होता. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये एका अनोळखी, जाड चष्म्याच्या माणसाने माझी बाही पकडली. मी हात मागे घेणार तोच तो म्हणाला, "हे गिरणीतलं सुती कापड. दुकानात नाही मिळत असं. कोण आहे तिथे?"

"वडील होते," मी म्हणालो.

"होते म्हणजे?"

"संपावर आहेत."

त्यांनी बाही सोडली नाही. बेल झाली, लोक वर्गावर गेले, तरी हे माझी बाही धरून उभे. कॉलेजात एक वेडा आहे असं मी त्या रात्री घरी सांगितलं. वडील म्हणाले, कापड ओळखलं ना त्याने, मग वेडा कसा?

पण जगाचं मत माझ्यासारखंच होतं. प्राचार्यांच्या मुलीच्या लग्नात नवऱ्या मुलाचे वडील लोकरीच्या सुटात घाम पुसत उभे होते. सरांनी त्यांची बाही चिमटीत घेतली आणि शेजारच्या होमाकडे बघत म्हणाले, "ही लोकर नाही. ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटेल. जरा लांब बसा." व्याही रुसले. सरांना जेवायला शेवटच्या पंगतीत बसवलं, तिथेही ते पत्रावळीचं पान उलटून बघत होते.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की कुठलाही अभ्यास करा, आधी ती गोष्ट कशाची आहे ते विचारा. अर्थशास्त्राच्या लेले बाई महागाईवर बोलायला लागल्या की हे मध्येच म्हणायचे, "बाई, नोट कशाची असते? भिजल्यावर तिचं काय होतं?" मानसशास्त्राच्या सरांना म्हणायचे, "पोर रात्री रडतं तेव्हा तू त्याला सिद्धान्त देतोस की गोधडी? मग गोधडीवर एक तरी धडा आहे का तुझ्या पुस्तकात?" मला तर ते सोडतच नसत. "सावंत, तू कवितेतला भाव शिकवतोस. ती कागदावर आली कशी ते शिकवतोस का? कागद कोणाला परवडायचा, शाई कोण करायचं?"

"सर, शेवटी शब्द महत्त्वाचे," मी म्हणायचो.

"शब्दाला हात लावून दाखव," ते म्हणायचे.

या वेडापायी त्यांनी पीएच.डी. करायचं ठरवलं. विषय, माणसं पाणी कशातून पितात. माती, तांबं, पितळ, जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, स्टील, प्लास्टिक, आणि प्रत्येक भांड्यामागची माणसं. इतिहासवाले म्हणाले, यात राजे नाहीत, समाजशास्त्राकडे जा. समाजशास्त्रवाले म्हणाले, यात धातू फार आहेत, रसायनशास्त्राकडे जा. रसायनशास्त्रवाल्यांनी चार पानं चाळली आणि म्हणाले, यात तुमचा आजोबा आहे, मराठीकडे जा. आमच्या मराठीच्या विभागप्रमुखांनी तर न वाचताच गृहविज्ञानाचं नाव सुचवलं. गृहविज्ञानाच्या बाईंनी निदान चहा दिला. "कप कानतुटका होता, पण चिनी मातीचा," सर आल्यावर मला म्हणाले. विद्यापीठाकडून त्यांना मिळालेली ही एकमेव कौतुकाची गोष्ट. दरवर्षी ते नव्याने अर्ज घेऊन जायचे आणि दरवर्षी तसेच परत यायचे. साळवे सरांचं काही होणार नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असण्याचा थोडासा आनंदही आम्हाला होता. आम्ही मालवणकडची माणसं, खोटं कशाला बोलू.

इतर प्राध्यापक मुलांची सहल लेण्यांना नेत. सरांनी ती देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर नेली. मी सोबत होतो, चांगली पँट घालून. नाकाला रुमाल लावलेल्या पोरांना ते काठीने ढिगारा उकरून दाखवत होते. "खाली मडक्याची खापरं. त्याच्यावर जर्मनचं पातेलं. आता वर बघा, नुसत्या प्लास्टिकच्या पिशव्या. राजा गेला की मागे हेच उरतं, पोरांनो. लिहून घ्या." पालकांनी तक्रार केली. प्राचार्यांनी सरांना बोलावून विचारलं, ही इतिहासाची सहल कशी काय? सरांनी त्यांच्या टेबलावर टकटक केलं आणि म्हणाले, "वर सनमायका आहे साहेब, आत भुसा." हे ते टेबलाबद्दलच बोलत होते असं मी प्राचार्यांना नंतर समजावलं. त्यांना ते पटलं नाही, आणि पुढच्या वर्षीपासून सरांना सहल मिळाली नाही.

आणि तो तांब्या. स्टाफरूमच्या कोपऱ्यात माठ होता आणि माठावर सरांनी स्वतः विकत आणलेला पितळेचा तांब्या. त्यातून पाणी प्यायचं तर अट एकच, तोंड लावून प्यायचं. तुम्ही तांब्या वर धरून लांबून धार सोडलीत की सर वर्तमानपत्रातून मान वर करायचे. "वरून नको. धरून प्या. दोन्ही हातांनी." मग तुमचं पिऊन झालं की स्वतः उठून नळाखाली चिंचेने घासून आणायचे. चिंचेचा गोळा त्यांच्या खणात असायचा, त्यामुळे त्यांनी तपासलेल्या उत्तरपत्रिकांना कायम आंबूस वास यायचा. उष्टं-खरकटं मानणाऱ्यांची पंचाईत व्हायची. लेले बाईंनी दुसऱ्याच दिवशी घरून स्टीलचा पेला आणला, त्यावर नाव कोरलेलं होतं, तेही सासऱ्यांचं. बाई तसं नेमकं कशामुळे करत होत्या हे मी कधी विचारलं नाही. त्यांना तरी ते नीट माहीत असेल का, कोण जाणे.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात, परीक्षा चालू होत्या तेव्हा, मी तोच जुना गिरणीचा शर्ट घालून गेलो. वडील गेले होते, गिरणी गेली होती, शर्ट मात्र टिकला होता, धुऊन धुऊन अगदी मऊ झालेला. सरांनी सवयीने बाही पकडली, दोनदा चोळली. "टेरिकॉट," ते म्हणाले. "वाट लागणार तुझी." आणि पुढे गेले.

मला वाटलं गंमत करताहेत. पण साळवे सर या बाबतीत कधीच गंमत करत नसत. दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. सर ट्यूशनला गेले होते. वहिनींनी मला बसवलं आणि पाणी देता देताच सांगायला लागल्या. "ह्यांना हाताला कळत नाही हो भावोजी. परवा तव्याला बोटं टेकली. मला करपल्याचा वास आला म्हणून मी धावले. ह्यांना पत्ता नाही. शर्टाची बटणं मी लावून देते महिनाभर. कुणाला सांगायचं नाही म्हणतात. तुम्ही घेऊन जा ना डॉक्टरांकडे, माझं ऐकत नाहीत."

परीक्षा संपल्यावर मी खोटं बोलून त्यांना नेलं. डॉक्टर घाटकोपरचे, तरुण, भले गृहस्थ. त्यांनी सरांना डोळे मिटायला सांगितले. "टाचणी टोचली की 'हो' म्हणा."

सर शहाण्या मुलासारखे डोळे मिटून, हात पुढे करून बसले. डॉक्टरांनी टाचणी अंगठ्याला लावली. मग तर्जनीला. मग मधल्या बोटाला. मग पुन्हा अंगठ्याला, जरा जोर देऊन. रक्ताचा थेंब आला. मी तो बघत होतो.

"सुरू करा ना डॉक्टर," सर म्हणाले.

डॉक्टर थांबले. मग त्यांनी सरांना डोळे उघडायला सांगितलं आणि हळू आवाजात समजावलं. साखर फार वाढली आहे, बरीच वर्षं असावी, त्याने नसा जातात. औषध देतो, पण गेलेलं परत येईल अशी आशा धरू नका. सर थेंबाकडे बघत होते. "नस कशाची असते, डॉक्टर?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांना वाटलं ते घाबरलेत. त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "घरी नको. कॉलेजात चल."

सुट्टी लागली होती. स्टाफरूम रिकामी, पंखे बंद. सर आपल्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटून हात टेबलावरून फिरवला. "हे काय लागलं?"

"हजेरीपटाचा पुठ्ठा," मी म्हणालो.

"आणि हे?" त्यांचा हात शेजारच्या खिडकीपाशी गेला होता.

"पडद्याचं कापड. सुती."

"बघ सावंत, शब्दांवर भागवायची वेळ आली माझ्यावर," ते म्हणाले. हसायला हवं होतं, पण आम्ही दोघेही हसलो नाही.

मग त्यांनी डोळे उघडले आणि माठावरच्या तांब्याकडे बघत राहिले. "आमच्या गावाकडे आज्याला पाणी वरून मिळायचं," ते म्हणाले. "हा ओंजळ धरून खाली बसायचा आणि पाटलाचा गडी तांब्यातून लांबून ओतायचा. तांब्याला हात लागता कामा नये. दिवसभर लाकडं फोडलेला माणूस. निम्मं पाणी कोपरावरून मातीत जायचं. मी लहान होतो, घाटकोपरहून सुट्टीत गेलो होतो. मी विचारलं, आबा, तो तांब्या कशाचा होता? आबा म्हणाला, चमकायचा बाबा. कशाचा व्हता ते हात लावल्याबिगर कसं कळावं?"

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"जन्मभर ज्यातून पाणी प्याला ते भांडं कशाचं, हे त्याला माहीत नाही. तसाच गेला. तांबं लगेच काळवंडतं. चमकायचा म्हणजे पितळ असणार. म्हणून मी पितळेचा घेतला, पहिल्या पगारात. अंदाजच आहे. कुठल्या डिपार्टमेंटला विचारणार?" त्यांनी आपली बोटं समोर धरली. "आमच्या घरात हात लावून बघणारा मी पहिला. आणि आता हे."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्या तांब्यातून पाणी पीत होतो आणि त्यांच्या पाठीमागे त्याच्यावर विनोद सांगत होतो.

ते उठले, माठापाशी गेले, तांब्या बुडवून भरला. वर काढताना तो त्यांच्या बोटांतून निसटला आणि फरशीवर आपटला. पाणी सगळीकडे. सर आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होते, तांब्या पडला हे त्यांना आवाजामुळे कळलं होतं.

मी तो उचलला. एका बाजूला पोचा आला होता. धुऊन पुन्हा भरला आणि त्यांच्या दोन्ही हातांत दिला. त्यांची बोटं एकेक करून त्याच्याभोवती बसवली. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं होतं, बाहेर कारखान्याची भिंत होती.

"सावंत," ते म्हणाले, "धरलाय ना मी?"

"धरलाय, सर."

मग ते तोंड लावून प्यायले.