बॉनेटवरची रेघ

"पॉलिशचं काम लोक उगाच अंगमेहनतीनं करतात. मी डोक्यानं करणार आहे," असं जावईबापूंनी बायकोला सांगितलं, तेव्हा त्यांनी पॉलिशचं मशीन जन्मात कधी हातात धरलेलं नव्हतं. पण दोन दिवस व्हिडिओ बघून त्यांनी एक तक्ता बनवला होता, आणि तक्ता बनला की निम्मं काम झालं अशी या गृहस्थांची श्रद्धा. विम्याच्या ऑफिसात बारा वर्षं काढली की माणसाचं असंच होतं.

प्रकरण असं होतं. सासरेबुवा आठवडाभर भावाकडे गेले होते आणि जाताना गाडीची किल्ली त्यांनी जावयाच्या हातावर ठेवली होती. लग्नाला सात वर्षं झाली, पण हा मान पहिल्यांदाच. सासरे म्हणजे जन्मभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलेला माणूस. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली, पण स्वतःच्या गाडीला पोटच्या मुलीलासुद्धा हात लावू दिला नाही. "गाडी अंदाजानं चालते, आणि अंदाज रक्तात असावा लागतो," असं ते जाता-येता ऐकवत.

सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणल्यावर जावईबापूंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि जागीच थांबले. गडद निळ्या बॉनेटवर, डावीकडे, वीतभर लांब पांढुरकी रेघ. नक्कीच दवाखान्याबाहेर कुणीतरी ओरखडा काढला होता. आता किल्ली परत जाणार, आणि पुन्हा सात वर्षं मिळणार नाही.

म्हणून ते ऑफिसातून रजा काढून रंगाच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या म्हाताऱ्या दुकानदाराने मशीन भाड्याने दिलं आणि स्पंजची पॅडं समोर मांडली.

"काळं मऊ, नारिंगी मध्यम, पांढरं कडक. मऊ पॅड आणि बारीक पॉलिशनं सुरुवात करा. नाही गेलं तर एक पायरी वर चढा. आणि आधी थोड्याशा जागेवर करून बघा. पण पॅडच्या रंगावर विसंबू नका, दर वेळी अंगठ्यानं दाबून बघा."

जावईबापूंनी तक्त्यात सगळं लिहून घेतलं. फक्त अंगठा राहिला, कारण अंगठ्यासाठी रकाना नव्हता.

मऊ पॅडनं रेघ जागची हलली नाही. नारिंगीनं ती फिकी झाली, एवढ्यात पॅडच फाटलं. ते दुसरं आणायला निघणार, तोच सासूबाई चहा घेऊन आल्या.

"जावईबापू, ती रेघ आहे ना..."

"आई, मला सगळं कळतंय. तुम्ही एवढंच करा, बाबांजवळ यातलं एक अक्षर बोलू नका."

"अहो पण त्यांना ती..."

"एक अक्षर नाही, आई."

"बरं," असं म्हणून सासूबाई आत गेल्या. त्या शब्दाच्या फार पक्क्या.

पहिलं दुकान दुपारचं बंद होतं, म्हणून जावईबापूंनी पलीकडच्या गल्लीतून नारिंगी पॅड आणलं. तक्त्यात नारिंगी म्हणजे मध्यम. मशीन सुरू झालं, आणि दहा मिनिटांत रेघ गेली. जाताना आसपासची चकाकीही घेऊन गेली. गरम पाण्यानं आंघोळ झाल्यावर न्हाणीघरातला आरसा दिसतो, तसं बॉनेट धुरकट झालं.

संध्याकाळी ते दुकानदाराकडे पळाले. म्हाताऱ्यानं दोन्ही नारिंगी पॅडं अंगठ्यानं दाबून पाहिली.

"हे आमचं, मध्यम. हे दुसऱ्या कंपनीचं, कडक. मी काय सांगितलं होतं?"

"तक्त्यात बसलं नाही हो," जावईबापू पडेल आवाजात म्हणाले.

नव्या मऊ पॅडनं आणि बारीक पॉलिशनं दुसऱ्या दिवशी बॉनेट असं उजळलं की त्यांचं त्यांनाच खरं वाटेना. बायको बघायला आली आणि म्हणाली, "छान झालंय. पण हे याच गाडीचं आहे का?"

तिचं बरोबर होतं. बॉनेट काल कारखान्यातून निघाल्यासारखं आणि बाकी गाडी सोळा वर्षांपूर्वीची. मग दरवाजे आले, टप आला, डिकी आली. रजा तीन दिवसांनी वाढली. काळ्या प्लॅस्टिकवर टेप लावायची राहून गेली, तिथे पॉलिशचे पांढरे डाग वाळून बसले. ते बायको जुन्या टूथब्रशनं घासत होती.

"डोक्यानं करणार होतास ना? मग हे हात कुणाचे आहेत?"

जावईबापूंनी तिच्या शेजारी बसून दुसरा टूथब्रश उचलला. मशीन धरून धरून त्यांचे हात इतके थरथरत होते की जेवताना चमचा ताटावर वाजत होता.

रविवारी सासरे आले. त्यांनी गाडीभोवती सावकाश चक्कर मारली आणि चक्क हसले. "जावईबापू, नवीकोरी केलीत की हो. द्या किल्ली, आत मीच लावतो."

गॅरेज अगदी अरुंद, आणि तोंडाशी डावीकडे एक खांब. जावईबापू छाती काढून शेजारी उभे राहिले. गाडी हळूहळू पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि धाडकन खांबावर आदळली.

सासरे उतरले. डावा दिवा फुटून खाली पडला होता, पण ते बॉनेटवर वाकून हात फिरवत होते.

"रेघ कुठाय?"

"कुठली रेघ, बाबा?"

"माझी. खांबाची कड रेघेवर आली की स्टिअरिंग फिरवायचं. अकरा वर्षं अशीच लावतोय. आज त्या जागी मला माझंच नाक दिसत होतं."

"पण तो ओरखडा..."

"ओरखडा इतका सरळ असतो का? पट्टी धरून खिळ्यानं मारली होती मी."

जावईबापूंनी सासूबाईंकडे पाहिलं. "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्हाला सगळं कळतंय म्हणालात. आणि एक अक्षर बोलू नका म्हणालात."

जावईबापूंना रडूच यायचं बाकी होतं. कान पाडून त्यांनी दवाखान्यापासून नारिंगी पॅडपर्यंत सगळं कबूल केलं. ते संपल्यावर बायकोनं हळूच वडिलांना विचारलं, "बाबा, मग तो रक्तातला अंदाज?"

सासरे आत गेले. परत आले ते पट्टी आणि खिळा घेऊन. खिळा त्यांनी जावयाला दिला, गाडी मागे घेतली आणि काचेतून बोटानं जागा दाखवली. दोन दिवस घासून आरसा केलेल्या बॉनेटवर जावईबापू खिळा धरून वाकले. आत त्यांचाच चेहरा, खिळ्यासकट.

"आधी थोड्याशा जागेवर करून बघ," बायको म्हणाली. "तक्त्यात लिहिलंय."

रेघ मारून झाली. गाडी एका दमात आत गेली. सासरे बाहेर आल्यावर जावईबापू मान खाली घालून म्हणाले, "बाबा, चुकलं माझं. किल्ली आता तुमच्याकडेच राहू दे."

सासऱ्यांनी फुटक्या दिव्याकडे पाहिलं, मग रस्त्यावर कुणी जुना विद्यार्थी नाही ना ते पाहिलं, आणि किल्ली जावयाच्या हातावर ठेवली.

"किल्ली असू दे तुमच्याकडे," ते म्हणाले. "ते मशीन तेवढं परत करून या. आणि खांबाबद्दल कुठे एक अक्षर बोलू नका."