तळ्यातल्या सवाष्णी

विलासने तोंडात ब्रश घालून मागचं दार उघडलं आणि ब्रश तोंडातच राहिला. तळ्यात बदकं पोहत होती.

तळं म्हणजे मूळचा खड्डा. घराच्या जोत्यात भराव घालायला परसातली माती काढली, पावसाळ्यात तो खड्डा भरला आणि पुढं आटायचं नावच घेईना. मग विलासने काठानं कर्दळ लावली, सिमेंटचं बाकडं टाकलं आणि खोपोलीहून रोहू-कटल्याचं बीज आणून आत सोडलं. तेव्हापासून भिसेगावात त्याला कुणी "तुझ्या घरामागचा तो खड्डा" म्हटलं, की तो दोन दिवस त्या माणसाशी बोलत नसे. "गार्डन हाय ते," म्हणायचा.

आणि या गार्डनमधल्या माशांवर सध्या त्याची अब्रू लटकली होती. लेकीच्या, समीक्षाच्या, साखरपुड्यात नेरळचे व्याही पदूशेठ शेजारी बसले होते. पदूशेठ माशाचे असे भोक्ते, की त्यांनी चोखून ठेवलेल्या काट्याकडे मांजरसुद्धा वळून बघत नसे. बोलता बोलता विलासने आपल्या माशांचा आकार हातानं कोपरापर्यंत दाखवला. पदूशेठ नुसतेच हसले, म्हणून त्याने तो खांद्यापर्यंत नेला.

"मंग ठरलं," पदूशेठ म्हणाले. "मार्गशीर्ष सुटला की पयल्या रैवारी जेवाया येतो. पन बाजारचा मासा पानात घालू नका. मी वळखतो."

आणि आता त्या माशांच्या डोक्यावर रानबदकांचा एक थवा निवांत चकरा मारत होता. मधूनच एखादं बदक मुंडी पाण्यात खुपसून शेपूट आभाळाकडं करी. ते शेपूट वर गेलं की विलास एक बोट मुडपी. त्याच्या हिशेबानं दर शेपटीमागं एक रोहू गेला.

"हुश्श! हाड!" त्याने टाळ्या वाजवल्या. बदकांनी त्याच्याकडं पाहिलं आणि पाठ फिरवली. त्याने चप्पल उचलली, तेवढ्यात मागून त्याची आई इंदूबाई कडाडली.

"ठेव ती खाली. आज वार काय हाय?"

"गुरुवार."

"महिना कुठला?"

"आये, ती मासे खात्यात माझे."

"चोच बघ त्यांची, चोच. सुनिता गं, भायेर ये लवकर."

विलासची बायको सुनिता पुरणाचा हात तसाच घेऊन बाहेर आली. तिघांनी नीट पाहिलं. प्रत्येक बदकाच्या काळ्या चोचीचं टोक हळदीत बुडवल्यासारखं पिवळं होतं आणि चोचीच्या मुळाशी लालभडक टिपके होते. एक बदक काठावर चढलं, तर त्याचे पायही आळता लावल्यासारखे लाल.

"मार्गशीर्षातला गुरुवार," इंदूबाई म्हणाली, "आन् हळद-कुंकू लावून दारात आल्यात. आता तूच सांग, कोन हायेत त्या?"

"बदकं," विलास म्हणाला.

"सवाष्णी," सुनिताने हात जोडले. पुरणासकट.

झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला कळलं. कलशाची पूजा आटोपली की बायका ताटं घेऊन विलासच्या परसात. कुणी लाह्या टाकतंय, कुणी भात, कुणी केळ्याचे काप. बदकं जमेल तेवढं खात होती, बाकीचं बुडत होतं. विलास दारात उभा राहून बुडणाऱ्या घासांकडं बघत होता आणि मनातल्या मनात आपले मासे मोजत होता.

उघडपणे हाकलता येत नव्हतं. पण विलास काही हात बांधून बसणाऱ्यातला नव्हता. त्याचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. लग्नाच्या मांडवात शिरलेले बैल त्याने हाकलले होते, बदकं काय चीज? दुसऱ्या दिवशी त्याने गोदामातून चमकीच्या पताका काढल्या आणि तळ्यावर आडव्यातिडव्या ताणून टाकल्या. शेतावर पाखरं उडवायला चमकती पट्टी लावतात, तसाच हिशेब. वाऱ्यानं त्या सळसळू लागल्या, उन्हात लखलखू लागल्या. बदकं पताकांच्या सावलीत जाऊन झोपली.

"आरास केलीत?" सुनिताचे डोळे भरून आले. "मला वाटलं तुमचा देवाधर्मावर इस्वास नाय."

शेजारचा मनोज कुंपणावरून सगळं बघत होता. "विलासदादा, मांडव तर झाला. वाजाप कधी लावतोस?"

मनोज टोमणा मारून गेला, पण विलासच्या डोक्यात दिवा पेटला. त्याने मोठा स्पीकर आणून बाकड्यावर ठेवला, मोबाइलवर कुत्र्यांचं भुंकणं शोधलं आणि आवाज पुरा सोडला. बदकं तळ्याच्या मधोमध जाऊन तिथं थांबली. आळीतली कुत्री मात्र एकूणएक धावत आली आणि स्पीकरला घेरून त्याला जाब विचारू लागली. पलीकडच्या आळीतलीही आली. विलास बाकड्यावर चढून उभा, खाली कुत्री, वर पताका.

शेवटी सुनिताने लांबून वायर ओढली. कुत्री पांगल्यावर तिने तोच स्पीकर पुन्हा जोडून त्यावर आरती लावली. आता पताका होत्या, आरती होती, फक्त पाटी लावायची राहिली होती. पुढच्या गुरुवारी तर रेल्वेलाइनच्या पलीकडूनही बायका आल्या. एकीनं विलासच्याच पाया पडून "दादा, तुमचं तळं लय जागृत हाय," असं सांगितलं.

मग विलासने ठरवलं, की काट्यानं काटा काढायचा. या बायका ऐकतात फक्त देवीचं. तर देवीलाच बोलतं करू. आरती संपता संपता तो पुढं झाला आणि घसा साफ केला.

"मला पाटं सपान पडलं."

अंगारा पुढं करणारी सुनिता जागच्या जागी थांबली.

"बाई आली सपनात. म्हनली, माझ्या पोरींना हितं का कोंडून ठेवलंस? त्यांना ढोल वाजवत नदीवर पोचीव."

ढोल वाजला की बदकं उडणार, असा त्याचा डाव. डाव चांगला होता. बायका हात जोडून एकमेकींकडं पाहू लागल्या. पण इंदूबाई पुढं सरकली.

"कशी दिसत हुती?"

"हिरवं लुगडं."

"नाकात?"

"नथ. मोत्याची."

"आन् हातात काय हुतं?"

इथवर विलास घोडदौडीनं आला होता. पण गेले कित्येक दिवस त्याच्या मनात एकच वस्तू पोहत होती. जे मनात ते तोंडात आलं.

"मासा," तो म्हणाला.

त्याने तिथल्या तिथं जीभ चावली, पण शब्द सुटला होता. 

"हातात मासा," इंदूबाईनं सावकाश सगळ्यांकडं पाहिलं. "म्हंजे मासेबी तिचेच."

"आन् पोरी कोंडल्यात म्हनली," सुनिता म्हणाली. "पन पोरींना पंख हायेत. कोंडलेले तर मासे हायेत. म्हंजे मासे मारू नका, असंच म्हनायचं आसंल तिला."

"बरूबर," सगळी आळी म्हणाली. तळ्यातल्या माशाला हात लावायचा नाही, असं तिथंच, आरतीच्या ताटासमोर ठरलं. ढोलाचं नावही कुणी काढलं नाही. विलासच्या कपाळाला मात्र अंगारा लागला.

मार्गशीर्ष सुटला. सुटला त्याच दिवशी बदकं न सांगता उडून गेली, जणू त्यांचाही महिना होता. आणि रविवारी पदूशेठ आले. बरोबर त्यांच्या पत्नी जिजाबाई. स्वयंपाकघरात वालाचं बिरडं शिजत होतं आणि पुरणपोळीचा वास येत होता. पदूशेठनी नाक वर करून हुंगलं. हवा तो वास त्यांना सापडला नाही.

"मासे कुठं हायेत, व्याही?"

"तळ्यात," विलास म्हणाला. हे मात्र खरं असावं, अशी त्याने मनातल्या मनात प्रार्थना केली.

पदूशेठ तळ्याकाठी गेले आणि चहाबरोबरची खारी त्यांनी चुरून पाण्यात टाकली. पाणी उकळल्यासारखं झालं. लाह्या, भात, केळी आणि पुरण खाऊन मासे दुधीभोपळ्यासारखे फुगले होते. बदकांनी त्यातला एकही खाल्ला नव्हता. एका रोहूनं उडी मारली, तेव्हा पदूशेठनी आपला हात खांद्यापर्यंत पाहून घेतला.

"मला वाटलं तुमी फेकताय. चुकलं माझं."

मग विलासला सांगावंच लागलं. बदकं, सवाष्णी, सपान, सगळं. फक्त सपान खोटं, एवढं तो बोलला नाही. जिजाबाईंनी ऐकता ऐकताच तळ्याला नमस्कार केला. पदूशेठ बाकड्यावर बसले, कुणीतरी गेल्याची बातमी कळावी तसे.

"बिरडं," ते म्हणाले, "घरीबी हुतं."

आणि त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. विलासला लेकीचं आख्खं सासर डोळ्यांसमोर रुसलेलं दिसू लागलं.

तेवढ्यात इंदूबाई काठी टेकत आली. "सुनिता गं, सांगायचं राह्यलं. काल माझ्याबी सपनात आली बाई."

"काय म्हनली?" सुनितानं पदर डोक्यावर घेतला.

"तेच हिरवं लुगडं. पन हात मोकळे. मी इचारलं, मासा कुठं गं ठेवलास? तर म्हनली, माझ्या पोरी गेल्या, महिना सुटला. आता दारात आलेल्या पावन्याला उपाशी ठेवशील तर बघ."

देवीपुढं कोण बोलणार? मनोज जाळं घेऊन कुंपणावरून आत आला, इतक्या चपळाईनं की ते त्याने उंबऱ्यातच ठेवलं असावं. तासाभरात घरभर आलं-लसणाचा वास सुटला. पंगत बसली. पदूशेठच्या पानात रोहूचं डोकं पडलं आणि त्यांचा चेहरा पुनवेसारखा उजळला. सुनिता तुकड्या वाढत वाढत विलासपाशी आली आणि त्याच्या पानात वाटीभर बिरडं ओतून पुढं गेली.

"अगं, माझा मासा?"

"बाई आनखी एक बोलली हुती," इंदूबाई समोरून म्हणाली. "पयलं सपान ज्याला पडलं, त्यानं पुढच्या मार्गशीर्षापतूर पाळायचं."

विलास तिच्याकडं वाकला. "आये, खरं सांग. तुला सपान पडलं?"

इंदूबाईनं सावकाश एक काटा काढून पानाच्या कडेला ठेवला. "तुला पडलं," ती हळूच म्हणाली, "तेवढंच मला पडलं."

"विलासशेठ," पदूशेठ डोकं चोखता चोखता सद्गदित झाले, "मासा घरचा, आन् हात लावत नाय. अशी निष्ठा आजकाल बघाया मिळत नाय."

जिजाबाईंनाही ते पटलं. त्यांनी उठून विलासच्या पानात भक्तिभावानं आणखी एक पळी बिरडं वाढलं.